अकरा मतांचा कागद

वसराम, तुझ्या मातीला मी आलो होतो. तू पाहिलं असतंस तर म्हणाला असतास, पीए आला म्हणजे मागून आमदारबी येत असंल. कुणी आलं नाही. ज्या तिघांच्या गळ्यात तू हार घातलेस त्यांतले एक तुझ्याआधीच गेले, दुसऱ्यांनी फोनवर वाईट झालं म्हटलं, आणि तिसऱ्यांना मी कळवलंच नाही. ओढ्याच्या अलीकडे मोटारसायकल लावली आणि चिखलातून पायी आलो. तो रस्ता अजून तसाच आहे. का तसाच आहे ते आज सांगायचं आहे.

धनसिंग बाभळीखाली उभा होता. तुझा पाठचा भाऊ, आणि परक्यासारखा पन्नास पावलांवर. त्याला कुणी पुढे बोलावलं नाही, तोही आला नाही. सगळं आटोपून माणसं निघाली तेव्हा तो चपला काढून जागच्या जागी खाली बसला. मी त्याच्याकडे जायला हवं होतं. चार वर्षांपासून जायला हवं होतं. मी चिखलात पाय घातला आणि माझ्या गाडीकडे निघून आलो.

त्यानंतर तीन वेळा टाइपरायटरला कागद घातला, तीन वेळा काढला. त्या यंत्रावर मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सहीची पत्रं लिहिली. वरचा मजकूर माझा, खालची सही त्यांची, म्हणजे जबाबदारीही त्यांची, अशी मी मनाची समजूत घालत आलो. म्हणून हे हातानं लिहितोय. अक्षर खराब आहे. तू हसला असतास.

आपण हिंगोलीच्या वसतिगृहात सहावीला एका खोलीत आलो. तुला मराठी धड येत नव्हती, घरात तुम्ही बंजाऱ्यांची गोरमाटी बोलायचात. मला मराठी येत होती पण तोंड उघडायची सवय नव्हती. तिथला स्वयंपाकी माझ्या ग्लासकडे बघून नाक मुरडायचा. एक दिवस तू माझा उष्टा ग्लास उचललास, त्यातलं पाणी सगळ्यांसमोर प्यालास आणि म्हणालास, "आमी तांड्याचे. आमाला कोन इचारतं?" त्या ग्लासावर आपली मैत्री चालली. दहावीनंतर तू गेलास तो परत तांड्यावर, वडिलांच्या जागी नाईक म्हणून बसायला. मी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या आणि तहसीलसमोर लिंबाखाली टेबल मांडलं.

नव्वदच्या निवडणुकीनंतर म्हाताऱ्या आमदारांनी मला तिथून टाइपरायटरसकट उचलून नेलं. धोतर नेसायचे, हळू बोलायचे, गावाची नावं विसरायचे. त्यांना गावं आठवून देणं हेच माझं काम होतं. मी एक जाड वही केली. मतदारसंघातलं प्रत्येक गाव, प्रत्येक तांडा, कुठं कोण नाईक, कुठं कोण सरपंच, कुणाची कुणाशी बोलाचाल बंद, कुठल्या गावाला काय पाहिजे. शिरड शहापूरच्या बाजूपासून ते नरसीच्या वाटेपर्यंत सगळं त्या वहीत. पंचाण्णवला ते पडले आणि तरुण आमदार आले. ऑफिसातली सगळी माणसं बदलली, भिंतीवरचे फोटो बदलले. मला म्हणाले, "वही आहे ना तुमच्याजवळ? मग बसा." नव्व्याण्णवला ते पडले, वकीलसाहेब आले, त्यांनीही तेच म्हटलं. लोक म्हणायचे, किसनराव फार लाघवी आहेत, सगळ्यांशी जमतं. मला कुणाशी जमत नव्हतं. मी गप्प बसत होतो एवढंच.

तूही सगळ्यांशी जमवलंस, पण उघड. निकाल लागला की चौथ्या-पाचव्या दिवशी झेंडूचा हार घेऊन तू हजर. कोण निवडून आलं याच्याशी तुला देणंघेणं नसायचं. हार घालायचास, पाया पडायचास आणि छाती पुढे काढून म्हणायचास, "साहेब, तांडा सगळा तुमचाच." म्हाताऱ्यांनी खरं मानलं, शाळेची खोली दिली. तरुण आमदारांनी खरं मानलं, हापशी दिली. वकीलसाहेब खरं मानून तुझ्या पुतणीच्या लग्नाला आले आणि दोन तास बसले. आणि दर वेळी बाहेर येऊन माझ्या टेबलाशी वाकून तू विचारायचास, "काहून रे पीए, बराबर बोललो ना?" मी मान खाली घालून हसायचो. कारण तांडा कुणाला गेला होता ते तुला ठाऊक असायचं, आणि आमदारांना कधीच कळायचं नाही.

ते कळायचं नाही, त्याचं कारण पुढच्या पिढीला सांगावं लागेल. तेव्हा मतं कागदावर होती. आपल्याकडे मोजणीच्या दिवशी सगळ्या गावांच्या पेट्या फोडून मतपत्रिका एका मोठ्या पिंपात टाकायचे, हातानं ढवळायचे आणि मग गठ्ठे बांधून मोजायचे. तांड्याचं मत खालच्या गावाच्या मतात मिसळून जायचं. मी तुला ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू मांडीवर थाप मारलीस. "म्हंजे पिपात गेल्यावर सगळे एका ताटात जेवून राहिले." ते वाक्य तू बैठकीतही सांगायचास.

तुझी बैठक मी दोनदाच पाहिली, तीही अंगणाच्या कडेला बसून. मतदानाच्या आदल्या सकाळी तांड्यातले सगळे कर्ते पुरुष तुझ्या ओट्यावर. ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं, शिव्या द्यायच्या, जुनी उणीदुणी काढायची. शेवटी एक नाव ठरलं की गोमलीवहिनीनं पाण्याचा तांब्या आणायचा, आणि तो हातोहात फिरायचा. प्रत्येकानं एक घोट घ्यायचा. घोट घेतला की शब्द फिरवायचा नाही. ही रीत तुझ्या वडिलांनी घातलेली. बायकांना ठरलेलं नाव घरी गेल्यावर सांगितलं जायचं.

यावरून आपण किती भांडलो. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला मी भाषण करायचो, एका माणसाचं एक मत, आणि ते त्याचं एकट्याचं. ते मी तुझ्यापुढे पाजळायचो. म्हणायचो, तू चारशे माणसांच्या बोटांची एकच मूठ करतोस, हे बरोबर नाही. तू म्हणायचास, "तुझं एकट्याचं मत घेऊन कोन तुझ्या दारी आला सांग? मूठ दिसती म्हनून जीप येती." मी म्हणायचो, वहिनीला विचारलंस का तिचं मत? तू म्हणायचास, "तिला काय इचारायचं, ती माझ्या घरचीच हाय." हे भांडण आपण पंधरा वर्षं चालवलं, चहाच्या टपरीवर, बसमध्ये, औंढ्याला नागनाथाच्या जत्रेत रेवड्या खाताना. ते मिटलं नाही. त्यात मी काय केलं ते आता सांगतो.

तुला तांड्याला स्वतःचा बूथ पाहिजे होता. खालच्या गावात मतदानाला गेलं की तुमच्या बायांना रांगेच्या शेवटी उभं करायचे, लेकरं कडेवर, ऊन डोक्यावर. "अगोदर गावाचं होऊ द्या," म्हणायचे. एका निवडणुकीत सात-आठ जणी कंटाळून मत न देता परत आल्या आणि तू तेव्हा पहिल्यांदा आमदारासमोर आवाज चढवलास. अर्ज मी लिहायचो. दर पाच वर्षांनी तोच अर्ज, आमदाराचं नाव तेवढं बदलून. म्हातारे बघू म्हणाले. तरुण आमदार करू म्हणाले. तिसऱ्या वेळी वकीलसाहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि खरंच विचार केला.

दोन हजार चारच्या निवडणुकीआधीची गोष्ट. ऑफिसात आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "किसनराव, देऊन टाका शिफारस. यंदा मशीन येणार. मशीनची मोजणी बूथवार होते, मिसळत नाहीत. स्वतंत्र बूथ दिला की तांडा कुणाचा ते आकड्यात कळेल. नाईक हार घालून सगळ्यांना फसवतो." ते रागानं बोलले नाहीत. चहा पीत बोलले. मी तिथंच बसून शिफारसपत्र टाइप केलं. 'आदिवासी व भटक्या समाजातील महिलांची गैरसोय' वगैरे. मग माझं मलाच वाटलं, तांडा आदिवासींचा नाही, म्हणून 'आदिवासी' खोडून नवीन कागद घेतला. तेवढी काळजी मी घेतली बघ.

बूथ मंजूर झाला. तू नारळ घेऊन आलास, गोमलीवहिनीनं आरशाचं टिकलीकाम केलेली पिशवी पाठवली. ती अजून माझ्या घरी आहे, तिच्यात वह्या ठेवतो. तू म्हणालास, "पीए, तांड्याच्या बाया तुझं नाव काढतील." मतदानाला महिना होता. त्या महिन्यात आपण कमीत कमी सहा वेळा भेटलो. मला फक्त एवढं सांगायचं होतं, वसराम, आता पिंप नाही. आता तांड्याचं मत उघडं पडेल, यंदा मूठ जपून वळ.

मी सांगितलं नाही. नोकरीची भीती होती, ते खरं. पण तेवढंच असतं तर मी आज इतका थकलो नसतो. आत कुठंतरी मला असंही वाटत होतं की होऊ दे एकदा, मग याला कळेल मी काय म्हणत होतो. एकेकट्यानं मत दिलं असतं तर कुणालाही बोट दाखवता आलं नसतं, हे तुला आकड्यानं कळावं. पंधरा वर्षांचं भांडण मला जिंकायचं होतं. तुझ्या तांड्याच्या जिवावर.

बैठकीला मी नव्हतो, पण तूच मला सगळं सांगितलंस. बूथ दिला म्हणून तांड्यानं यंदा वकीलसाहेबांना द्यायचं, हे तू मांडलंस. धनसिंग एकटाच उलटा बोलला. तो म्हणाला, हापशी देणारा पुन्हा उभा हाय, वारं त्याचं हाय, आपुन पडणाऱ्याच्या मागं काहून जायचं? खूप वाजलं. शेवटी तांब्या फिरला, धनसिंगनंही घोट घेतला. आणि मतदानाच्या दिवशी तांड्याच्या बाया शाळेच्या खोलीत सावलीत रांग लावून उभ्या राहिल्या, तू दाराशी उभा राहून जणू घरचं लग्न असल्यासारखा सगळ्यांना या, या म्हणत होतास. मतदान केंद्रावर असं करायचं नसतं म्हणून अधिकारी तुला रागावला. ते तू किती अभिमानानं सांगितलंस.

वकीलसाहेब पडले. हापशीवाले आमदार पुन्हा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो उतरवत होतो तर ते स्वतःच आत आले आणि म्हणाले, "किसनराव, वही काढा." यावेळी वहीबरोबर मोजणीचा बूथवार कागद होता. प्रत्येक बूथ, प्रत्येक उमेदवार, पुढे आकडा. ते डोळे मिटून खुर्चीत रेलले आणि मी वाचत गेलो. तुझ्या तांड्याची ओळ आली. मी थांबू शकलो असतो. खालच्या गावाचा आकडा त्यात मिळवून दोन्हींचा एकच सांगू शकलो असतो, त्यांनी काही कागद बघितला नसता. मी वाचलं, "अकरा."

त्यांनी डोळे उघडले. "किती?"

"अकरा."

त्यांनी तीन याद्या करायला सांगितल्या: आपली गावं, अर्धी गावं, परकी गावं. मग पहिल्या वर्षाच्या कामांची यादी पुन्हा टाइप करायला सांगितली. ओढ्यावरच्या फरशी पुलासकट तांड्याचा रस्ता जुन्या यादीत सतराव्या नंबरला होता. नव्या यादीत मी सोळानंतर पुढचं गाव घेतलं. खोडायची गरजच पडली नाही.

आणि चौथ्या दिवशी तू हार घेऊन आलास.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात शंभरेक माणसं होती. तू हार वर केलास, तांडा सगळा तुमचाच म्हणायला तोंड उघडलंस, आणि साहेबांनी तुझा हात मधेच धरला. हसतच धरला. "वसराम नाईक, तुमच्या तांड्यानं मला अकरा मतं दिली. त्या अकरा जणांना माझा नमस्कार सांगा." माणसं हसली. तू एवढा मोठा गडी, हार हातात धरून तसाच उभा. मग तू माझ्याकडे आलास, हार माझ्या टाइपरायटरवर ठेवलास आणि म्हणालास, "ऱ्हाऊ दे, पुढच्याला होईल." त्यातही चेष्टा केलीस. पण तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू मला विचारलंस, "ह्याला कसं कळलं रे? पेटी तर बंद व्हती." मी म्हणालो, "काय की."

ते दोन शब्द. वसराम, बाकी सगळं राहू दे, ते दोन शब्द मला आता झोपू देत नाहीत.

तू तुझ्या रीतीनं हिशेब मांडलास. बैठकीत उलटा बोलला तो धनसिंग. धनसिंगच्या घरात मतदार किती? अकरा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमदाराच्या ऑफिसाच्या पायऱ्या चढताना दिसला कोण? धनसिंग. झालं. त्यानं पाण्याचा शब्द मोडला, घरची अकरा मतं तिकडं दिली आणि वर जाऊन चुगली केली. तू त्याला तांड्यासमोर विचारलंस, त्यानं तोंड फिरवलं. त्याला वाटलं, सख्ख्या भावानं हे विचारावंच कसं. तू म्हणालास, माझ्या ओट्यावर पाय ठेवायचा न्हाई. त्यानं ठेवला नाही. रस्ता गेला तेव्हा तांडा तुझ्यावरही उलटला. म्हणाले, बूथच्या उपकारापायी तू आम्हाला पडणाऱ्याच्या मागं नेलंस. बैठक बंद पडली. तू कुणाच्या लग्नात बोललास तर बोललास.

त्या दिवशी धनसिंग माझ्याकडे आला होता. साहेबांना तो भेटलाही नाही. लेकीला डी.एड.ला प्रवेश घ्यायचा होता, जातीच्या दाखल्याचा अर्ज कुठं द्यायचा ते विचारायला आला होता. मी त्याला अर्ज लिहून दिला, तो टेबलाशी उभ्या उभ्या चहा पिऊन गेला. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि तिसऱ्या कुणाला नाही. आणि आकडा कागदानं सांगितला, धनसिंगनं नाही, हे तर मला एकट्यालाच माहीत होतं.

चार वर्षं तू माझ्यासमोर भावाला शिव्या दिल्यास. मी ऐकल्या. एकदा, औंढ्याच्या स्टँडवर, मी म्हणालो होतो, "अरे, एवढं मनावर नको घेऊ, कळायचे अनेक मार्ग असतात." तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता हा विचारणार. तेवढ्यात तुझी बस लागली आणि तू खिडकीतून ओरडलास, मतदारसंघाची नवी आखणी होऊन राहिली म्हणं, आपला तांडा पलीकडच्या मतदारसंघात चालला. "बघ पीए, आता आमदार बदलायला मतबी द्यायची गरज न्हाई." तुझं मला ऐकू आलेलं हे शेवटचं वाक्य. आखणी खरंच झाली. तुझा तांडा माझ्या वहीतून गेला. दोन महिन्यांनी तू गेलास.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आलो. कागद बरोबर घेतला होता. मोजणीचा तो बूथवार कागद मी का जपून ठेवला, सांगता येत नाही. घडीवर फाटायला आला आहे. धनसिंग लिंबाखाली दोर वळत बसला होता. मी त्याला म्हणालो, वसरामच्या ओट्यापाशी चल, वहिनीसमोर बोलायचंय. तो म्हणाला, त्या ओट्यावर मी चढत न्हाई. मग मीही खालीच उभा राहिलो आणि वहिनी दारात बसली. तांड्यातली चार-दोन माणसं काय चाललंय म्हणून आली.

मी सांगितलं. इथं तुला सांगितलं तसंच, पिंपापासून अकरापर्यंत. कागद उघडून ती ओळ दाखवली.

धनसिंगनं कागद हातात घेतला. त्याला वाचता येतं, थोडं. बोट ठेवून त्यानं ती ओळ दोनदा वाचली. मग विचारलं, "ह्यात माझं नाव हाय का कुठं?"

"नाही. कुणाचंच नाव नाही. आकडा फक्त."

"त्या दिशी मी दाखल्यासाठी आलतो. तुला ठाऊक व्हतं."

"होय."

"चार वरसं." त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तो माझ्या दारावरून जायचा, अन् मान फिरवायचा. मी म्हनायचो, फिरव, एक दिस कळंल तुला. आता कुनाला कळनार?"

कुणीतरी मागून म्हणालं, मग ते अकरा कोण? तुझ्याच घरातले ना, धनसिंग? धनसिंग म्हणाला, "माझ्या घरातलं एकबी न्हाई. पाणी प्यालतो मी." यावर विश्वास ठेवायला किंवा न ठेवायला कुणाजवळच काही नव्हतं.

मग गोमलीवहिनी बोलली. माझ्याकडे किंवा धनसिंगकडे न बघता, पदराच्या काठाला पीळ घालत. "त्यात एक मी व्हते."

धनसिंग म्हणाला, "भाबी?"

"हापशी दिलती त्यानं. हापशीच्या आधी मी ओढ्यातून पाणी आनायची, पोटुशी असतानाबी. कागद व्हता तवर भ्याव वाटायचं, शिक्का चुकला तर त्येला कळंल. मशीनीवर बटन दाबायचं, खोक्याच्या आड, कोन बघतं. दाबलं. हापशीवर कुनी काही बोललं न्हाई कधी, पर मी एकलीच नसंल. बाकीच्या कोन, मी इचारलं न्हाई अन् इचारनार न्हाई."

वसराम, पंधरा वर्षं मी तुला विचारत होतो, वहिनीचं मत काय? मला वाटायचं तिचं मत तू घेतलंस. तिनं दिलं होतं. आणि मग चार वर्षं तीही माझ्यासारखीच तुला जेवायला वाढत गप्प बसली होती. तुझ्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधे तू भावाला शिव्या देत होतास.

धनसिंगनं विचारलं, "त्याला सांगितलं असतं तर?"

"बोल बोल बोलला असता," ती म्हणाली. "मंग जेवला असता." आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली. तेराव्यापर्यंत ती रडली नव्हती म्हणतात.

मग ती उठून आत गेली आणि तांब्या घेऊन आली. कुणी मागितला नव्हता. धनसिंगनं चपला काढल्या, तुझ्या ओट्यावर चढला, भिंतीला टेकून बसला, तू बसायचास तिथं नाही, जरा बाजूला. तांब्यातून एक घोट घेतला. मग तांब्या माझ्यासमोर धरला. मी तुमच्या बैठकीत कधी पाणी प्यालो नव्हतो. दोन्ही वेळा अंगणाच्या कडेला बसलो, एकदा तांब्या माझ्यापर्यंत येण्याआधी संपला, एकदा मीच उठून गेलो, आणि आपण दोघांनी त्याबद्दल कधी बोलायचं नाही असं न ठरवताच ठरलं होतं. वसतिगृहातल्या त्या ग्लासानंतर एवढंच एक आपल्यात राहिलं होतं. धनसिंग म्हणाला, "घे. पर घेतलास तर आमाला सांगितलं ते साऱ्यांला सांगायचं. खालच्या गावालाबी. धनसिंग फुटला व्हता असं ते अजून म्हनत्यात."

मी घोट घेतला. म्हणून हे लिहिलं आहे आणि म्हणून ते तालुक्याच्या साप्ताहिकात छापायला देतो आहे. ऑफिसचा राजीनामा आधी दिला, हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. वही तिथंच टेबलावर ठेवून आलो. नवीन मुलगा आहे, संगणकावर त्याच्याकडे सगळ्या बूथचे आकडे आहेत, त्याला वहीची गरज नाही.

तुझ्या माघारी आभार मानायची वेळ आली, हेही माझ्या स्वभावाला धरून झालं. त्या ग्लासाबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. माझ्या लग्नात घालायला तू मला तुझा कोट दिलास, तो परत मागितला नाहीस. माझी आई गेली तेव्हा सगळा तांडा आमच्या वस्तीवर आला होता, चिखल तुडवत, आणि तू माझ्याशेजारी बसून एक शब्द बोलला नाहीस. गप्प बसणं मला तूच चांगलं शिकवलं असतंस, मी ते वाईट कामाला वापरलं.

निघताना वहिनी घागर घेऊन हापशीपर्यंत आली. हापशी आता जड चालते, दांडा कुरकुरतो, पण पाणी येतं. तिनं विचारलं, "भाऊजी, पुढच्या बारीला मशीन सांगंल का, कोनी कोनाला दिलं ते?"

मी म्हणालो, "तुमचं नाव सांगणार नाही. तांड्याचं सांगेल, कुणाला किती."

"मंग सांगू दे," ती म्हणाली, आणि घागर हापशीखाली सरकवली.